एका चुलीचं घर

सन बहात्तर. मी बत्तीस वर्षांचा होतो. त्या साली मी जे केलं ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — बायकोपाशी नाही, देवापाशी नाही, जीवाभावाच्या दोस्तापाशी नाही. बायको गेली. दोस्तही गेले. आता उरलात तुम्ही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच सांगायला बरं.

मी दुसरी शिकलोय. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. ते तुम्ही सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घेऊ नका.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अंगाला. गावात आमच्या घराला एक नाव होतं — एका चुलीचं घर. बाप गेला की भाऊ वेगळे होतात, बांधावरून डोकी फुटतात, हे आमच्याकडं नवं नाही. पण मी आणि माझा धाकटा भाऊ नामा, आम्ही एकाच चुलीवरचं खाल्लं. म्हणून तर कुणाच्या घरात वाटणीची भांडणं निघाली की मला बोलावणं यायचं. ज्याची चूल एक, त्याचा शब्द एक — असं म्हाताऱ्यांनी म्हणावं आणि मी पटका सारखा करत गप बसावं. सोसायटीचा पंच म्हणून मला निवडून दिलं ते त्याच्यावरच. माझ्यापेक्षा जास्त जमिनीचे लई जण होते. पण त्यांच्या चुली फुटलेल्या होत्या ना?

आता माझी चूल कशी फुटली — ते मी लई वर्षं दुसऱ्यावर ढकललं. दुष्काळावर ढकललं. नामाच्या बायकोवर, कौसावर ढकललं. खरं एवढंच आहे. एका दुपारी जेवायला बसलो, ताटात अर्धी भाकर आली, आणि मी आत ऐकू जाईल असं बोललो, "घरात खाणारी तोंडं लई झाली."

कौसा चुलीपुढं होती. मांडीवर तिची साळू, वर्षाची. ती काही बोलली नाही. बोलणार कशी? आमच्याकडं धाकट्याची बायको थोरल्या भायाशी बोलत नसते. पदर पुढं ओढायचा आणि बाजूला व्हायचं. साऱ्या जन्मात तिनं माझ्याशी तोंडानं एक शब्द बोललेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्यात तीन दगड मांडले. बैल विकून झालते, गोठा मोकळाच होता. नामा खाली मान घालून तिच्या मागं गेला.

आणि मी? चुकलं म्हणायला दहा पावलं जायची होती. मी लोकांना काय सांगितलं माहिताय का? शेजारच्यानं विचारलं, "पंच, गोठ्यातून धूर कावून निघतो हो?" मी म्हणालो, "पाणी तापवतेत." गावात प्यायला पाणी नव्हतं, आणि आम्ही म्हणे गोठ्यात पाणी तापवत होतो.

त्या साली गावाचं पोट सोसायटीच्या दुकानावर होतं. बाजारातली ज्वारी आमच्यासारख्याच्या हाताला लागत नव्हती. दुकानात मिलो यायचा — परमुलखातला लाल जोंधळा. भाकरी नीट व्हायची नाही, चव तर विचारू नका, पण पोटात जायचा. तो मिळायचा कार्डावर. आमचं कार्ड एक, माझ्या नावाचं, त्यात सहा तोंडं — मी, बायको गया, आमचा पोरगा, आणि नामा, कौसा, साळू. नामा-कौसा सरकारी कामावर खडी फोडायला जायचे. मजुरी मिळायची, पण कार्ड नाही तर मिलो नाही. दुपारी कामावर सुकडी — गोडसर कोरडं पीठ — वाटायचे, तीच कौसा पदरात बांधून आणायची. लेकराला तीच, आपल्यालाही तीच.

आणि त्यांच्या तोंडाचा मिलो माझ्या घरात येऊन पडत होता.

तुम्ही म्हणाल, मग उचलून द्यायचा. गयानंही हेच म्हटलं. "पाटीभर नेऊन ठेवते गोठ्याच्या दाराशी. तुमी तिकडं बघू नका म्हंजे झालं."

"ज्याला खायचंय त्यानं इथं ताटावर येऊन बसावं," मी म्हणालो. "मी काय कुलूप लावलंय?"

माझा हिशेब सोपा होता. उपाशी माणूस किती दिवस रुसतो? येईल. पण तो कुणाचा भाऊ होता? माझाच. तो आला नाही. त्यानं वेगळ्या कार्डासाठी तहसिलीत अर्ज दिला.

वेगळ्या कार्डाला तेव्हा आमच्याकडं मुख्य एकच गोष्ट बघायचे — चूल वेगळी आहे का. एका घरात दोन भिंती असोत, चार दारं असोत, त्याला काही नाही. चूल किती? तलाठी येऊन डोळ्यांनी बघायचा आणि गावच्या पंचाला विचारायचा. पंच कोण?

इथपर्यंत मी मनातल्या मनात किती तरी वेळा आलोय. इथून पुढं पाय उचलत नाही. कावून उचलत नाही? कुणी बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर कदाचित इतकं जड झालं नसतं.

तलाठी येणार हे कोतवालानं मला आदल्या दिवशीच सांगितलं. नामाला सांगू का म्हणाला, तर मी म्हणालो, मी सांगतो. सांगितलं नाही. सकाळी नामा-कौसा लेकराला घेऊन खडीवर गेले. गया पाण्याला गेली, म्हणजे दुपारपर्यंत येत नव्हती. मी गोठ्यात शिरलो. तिन्ही दगड उचलून गव्हाणीच्या मागं ठेवले. तवा-परात गव्हाणीत घातली, वर गोणपाट टाकलं. राख पाटीत भरून उकिरड्यावर नेली. जमिनीवर जाळाचा काळा डाग राहिला, तो जाईना. शेण कुठलं? मग प्यायच्या घागरीतलं पाणी घेतलं, त्यात माती कालवली आणि हातानं सारवलं. उभ्या जन्मात मी सारवण हातात धरलं नव्हतं. सोसायटीचा पंच गुडघ्यावर बसून, जे पाणी बायको दोन कोसांवरून डोक्यावर आणत होती, त्या पाण्यानं भावाची चूल पुसत होता.

तलाठी आला. गोठ्यात डोकावला. "चूल किती, पंच?"

"एकच. पोरं जरा रुसलेत. चार रोजात ताटावर येतेल."

"एका चुलीचं घर म्हणतेत ते काय उगं न्हाई," तो म्हणाला, पाणी प्याला आणि गेला.

ते ऐकून मला बरं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे. छाती फुगली माझी.

ती दोघं परतायच्या आत मी सगळं होतं तसं केलं. राख परत आणली, पसरली. दगड मांडले, तवा ठेवला. ऊन असं होतं की सारवण केव्हाच सुकलं. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, तर भिंतीपलीकडून दगड सरकवल्याचा आवाज आला. एक. मग थांबून दुसरा. मग तिसरा. मी ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

कार्ड आलं नाही. येणार कुठून?

मग गावात जो तो कारणं सांगायला लागला. साहेब दौऱ्यावर हायेत. छापलेली कार्डं संपलीत. कारकुनानं कागद खाली दाबलाय, त्याला चहा पाजा. वरूनच अडकलंय. 'वरून' हा शब्द मी त्या साली शिकलो. लई सोयीचा शब्द. त्याला तोंड नसतं, घर नसतं. नामा दर बाजारच्या दिवशी विचारायचा आणि सगळ्यात पटणारं कारण मी द्यायचो. पंच होतो ना — माझ्या शब्दाला वजन होतं.

एक दिवस तो ओट्याच्या खाली येऊन उभा राहिला. वर आला नाही. म्हणाला, "दादा, तू चल की गेवराईला. तू पंच हायस. तुझं ऐकतेल."

ते शब्द काढताना त्याला काय झालं असेल, ते मला कळतं — मी तसे शब्द कधी काढू शकलो नाही. तो येऊन मागत होता, भाकर तेवढी मागत नव्हता. तेव्हाच म्हणायचं ना, नाम्या, ये वर? मी म्हणालो, "चल."

एसटीत शेजारी बसलो. खांद्याला खांदा लागत होता. त्याच्या खांद्याचं हाड लागत होतं. तहसिलीत कारकुनापुढं उभं राहिलो. कारकून बरा माणूस निघाला, हेच वाईट झालं. म्हणाला, "थांबा, तलाठ्याचा कागद आलाय का ते गठ्ठ्यात बघतो." आणि तो उठला. कपाटाकडं गेला. गठ्ठ्याची गाठ सोडायला लागला.

तलाठ्यानं काय लिहिलं असणार हे मला ठाऊक होतं. आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही त्यात असणार.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमची जेवायची वेळ झाली. पुढल्या बाजारी येतो." आणि नामाचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. तो म्हणत होता, "अरे दादा, बघतच होते की ते." मी म्हणालो, "तुला कचेरीचं कळत न्हाई. घाई केली की माणूस बिघडतो." त्यानं मान डोलावली. त्याला खरंच वाटलं, मला कळतं.

स्टँडवर मी त्याला शेव-मुरमुरे घेऊन दिले. त्यानं दोन घास खाल्ले आणि बाकीचे धोतराच्या सोग्यात बांधले. "साळूला," म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून सरकारला शिव्या दिल्या. सगळी वाट दिल्या. माझ्या शिव्या जास्त मोठ्या होत्या.

घरी काय होतं? भिंतीपलीकडं साळू रडायची. कौसाला दूध येईनासं झालं होतं, हे गयानं मला सांगितलं — मला नाही, माझ्या ताटाला सांगितलं, माझ्याकडं न बघता. रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं. बारीक झाल्यावर जास्त ऐकू यायचं. मी गोधडी डोक्यावरून घ्यायचो. आमच्या उतरंडीजवळ मिलोचं पोतं भिंतीला टेकून उभं होतं, त्याच भिंतीला. इकडं पोतं, तिकडं लेकरू.

एक शब्द. तलाठ्याला निरोप धाडायचा — पंचाचं चुकलं, चुली दोन हायेत. मी नाही धाडला. गावात नाव गेलं असतं. नाव म्हणजे काय हो? आज ते नाव कुणाला आठवतं?

मग नामानं परळीला जायचं ठरवलं. तिथं विजेचा कारखाना उभा राहिला होता, कोळशाच्या कामाला माणसं लागत होती. सकाळी बोचकं बांधून तिघं निघाले. नामा ओट्याशी येऊन म्हणाला, "दादा, कार्ड आलं तर ठेवून घे. येऊन नेतो." माझ्या पायाला हात लावला. कौसा पदर ओढून लांब उभी होती. गयानं तिच्या ओटीत काहीतरी घातलं, मी बघितलं नाही. ते वळणाआड गेले.

मग मी गोठ्यात गेलो. कावून गेलो, सांगता येत नाही.

राख भरून नेलेली. जमीन झाडलेली. मधोमध तीन दगड मांडलेले. आणि तिन्ही दगडांची काजळी बाहेरच्या अंगाला.

चुलीच्या दगडाची काळी बाजू आत असते, जाळाकडं. हे लेकरालाही कळतं. त्या दिवशी घाईत मला कळलं नव्हतं. ज्यानं कधी चूल मांडली नाही त्या माणसानं मांडली की अशी होते. मी मांडले होते तसेच्या तसे तिनं ते दगड परत लावून ठेवले होते, जाता जाता.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्याशी बोलायची तिला सोय नव्हती. ती जे बोलली ते एवढंच.

नामाला तिनं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो माझ्याबरोबर गेवराईला आला असता का? पाया पडला असता का? तिनं कावून लपवलं? भाऊ भावापासून तुटू नये म्हणून, का माझी कीव आली म्हणून? मला ठाऊक नाही. परळीची गाडी गेवराईला लागते. मी कितीदा तिच्यापुढं उभा राहिलोय. बसलेलो नाही. नामा तिकडंच वारला. मला निरोप मिळाला तेव्हा दहावा होऊन गेला होता. कौसा साळूच्या घरी आहे म्हणतात. गया गेली, पोरगा पुण्याला. आता माझ्या कार्डावर एकच तोंड. दुकानात मशीनवर अंगठा लावावा लागतो, आणि माझ्या अंगठ्याच्या रेघा झिजल्यात. मशीन घेत नाही. दुकानातली पोरगी म्हणते, बाबा, पुढल्या हप्त्यात या, वरूनच अडकलंय. मी बरं म्हणतो आणि रिकामी पिशवी घडी करून घरी येतो.

त्या साली ते तिघं परळीला गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत मिलो आला. मी पोतं घेऊन रांगेत उभा राहिलो. लोकांनी पंच म्हणून मला पुढं जाऊ दिलं. मापाड्यानं कार्ड बघितलं आणि विचारलं, "तोंडं किती, पंच?"

"सहा," मी म्हणालो, आणि पोत्याचं तोंड उघडून धरलं.