तुरुंगात आलेला कॅमेरा

तुरुंगात खोटे अधिक कोण बोलते, सांगाल? आत राहणारे, की आत पाहायला येणारे?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कारागृहात मी दर गुरुवारी प्रार्थना घेतो, अक्षरे शिकवतो. तिथले प्रसंग मी जमवत नाही; ते साचतात. गेल्या हिवाळ्यात तुरुंगातील जीवनावर माहितीपटांची मालिका करणारे एक पथक आले, आणि महिन्याभरात इतके साचले की मी थकलो.

*

पहिल्याच सकाळी गिनतीत एक माणूस जास्त भरला! पुन्हा मोजले, तरी एक जास्त. पथकातला ध्वनिमुद्रक, आवाज नीट मिळावा म्हणून, बंद्यांच्या रांगेत मांडी घालून बसला होता.

तुरुंगाधिकारी म्हणाले, "एक कमी भरला असता तर वर काय कळवायचं ते ठाऊक होतं. जास्तीचं काय कळवू?"

*

दिग्दर्शकाला माहितीपटात निकृष्ट जेवण हवे होते. ताटावर बसलेल्या भिकनबाबांना तो म्हणाला, "बाबा, भाजीला चव नाही, असं म्हणा."

"सायेब, भाजी मीच रांधस. मन्हा तोंडे मन्हीच निंदा कशी करू?"

*

एक बंदी आपला गुन्हा सांगताना अडखळला. दिग्दर्शक प्रेमाने म्हणाला, "चुकलं तर चुकलं. पुन्हा घेऊ!"

"आमले आसं कोनी बोलनं नही, सायेब!"

सगळी बराक हसली. मला हसू आले नाही.

*

सुखलाल धडगावपलीकडच्या पाड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला. खटला अजून उभा राहिलेला नाही. त्याची आई दोन-तीन महिन्यांतून एकदा येई. आधी डोंगर उतरून, मग शहाद्याला एसटी बदलून. भेट वीस मिनिटांची. दिग्दर्शकाला ती भेट चित्रित करायची होती.

सुखलाल म्हणाला, "घ्या. पण माझी वीस मिनिटं मला द्या."

"शब्द देतो," दिग्दर्शक म्हणाला.

आई आली. "आजी, दारातून पुन्हा या," दिग्दर्शक म्हणाला. तिने तीनदा दार ओलांडले. मग उजेड कमी पडला. मग पदर नीट नव्हता. मायलेकांचे बोलणे सुरू होण्याआधीच शिपाई म्हणाला, "चला, वेळ झाली." म्हातारी मुलाकडे वळून वळून पाहत गेली.

दुसऱ्या दिवशी सुखलालने संमती काढून घेतली. चित्रण वाया! दिग्दर्शक मला मध्यस्थ म्हणून घेऊन त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "काय करू, सांग भाऊ."

"आईला घेऊन या. आणि तुम्ही बाहेर बसा."

पुढच्या भेटीला दिग्दर्शक स्वतः गाडी घेऊन सातपुड्यात गेला, म्हातारीला घेऊन आला. मग फाटकाबाहेर, निंबाखाली, बंद कॅमेरा मांडीवर घेऊन वीस मिनिटे बसून राहिला. आतून म्हातारीच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.