'सातवी ब'च्या भोये मॅडम

तोंड बंद ठेवूनही वर्गभर आवाज करता येतो, हे संजना भोयेला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. ती फळ्याकडे वळली की मागून भुंग्यासारखा घूं घूं आवाज सुरू व्हायचा. वळून बघावं तर एकसष्ट चेहरे, ओठ मिटलेले, डोळे पुस्तकात. पकडणार कुणाला?

संजना पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली, डी.एड. केलं, दोनदा हुकलेली टीईटी तिसऱ्यांदा पास झाली आणि सव्विसाव्या वर्षी नाशिकला, सिडकोतल्या एका शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. शहरातल्या शाळेत शिकवायला गेलेली पाड्यावरची ती पहिलीच. निघायच्या दिवशी तिच्या वडिलांनी, पुंजा भोयेंनी, सगळ्या पाड्याला चहा पाजला होता. आश्रमशाळेत गुरुजी दारात दिसले की पोरं आपोआप गप्प व्हायची. गप्प बसा म्हणून सांगावं लागतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिच्याकडे सातवी ब दिली, विज्ञान आणि मराठी. तिसऱ्या दिवशी ती वनस्पतींची मुळं शिकवत होती. बोलता बोलता रंगात आली आणि घरचा शब्द तोंडातून निसटला.

"मग सांगा, मुळाचं काम काय आहा?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी, गुलाबजाम तोंडात टाकावा तसं, लांबवून म्हणालं, "आहाऽऽ!"

सगळा वर्ग हसत सुटला. त्या दिवसापासून तिचं नाव आहा मॅडम पडलं. मधल्या सुट्टीत ती पॅसेजमधून गेली की पाठीमागे हळूच "आहाऽऽ" यायचं. तिच्या घरी 'आहे'ला 'आहा'च म्हणतात. लहानपणापासून हजारदा उच्चारलेला तो साधा शब्द आता ओठांवर येताना चोरासारखा वाटू लागला. ती प्रत्येक वाक्य मनात एकदा तपासून मगच बोलायला लागली, आणि त्या अडखळण्यात घूं घूं आणखी वाढलं.

तिने जमेल ते सगळं करून पाहिलं. मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला लावली, तर मॉनिटरने स्वतःच्या भांडणातल्या पोरांची नावं लिहिली. दोघांना बाहेर उभं केलं, तर ते बाहेरून खिडकीतल्या पोरांना हसवू लागले. शेजारच्या वर्गाचे देवरे सर शाळेत बावीस वर्षं जुने. त्यांनी एक छडी आणून दिली. "मारायचं नाही हं मॅडम, उगाच लफडं होईल. टेबलावर नुसती आपटायची."

तिने आपटली. दुसऱ्याच फटक्याला छडीचा तुकडा उडून पहिल्या बाकावर पडला. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

सगळ्यात वाईट वाटायचं ते मुख्याध्यापिका यायच्या तेव्हा. त्या दारात नुसत्या उभ्या राहायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि वर्ग चिडीचूप व्हायचा. "भोये मॅडम, आवाज ऑफिसपर्यंत येतो," एवढं सौम्यपणे म्हणून त्या निघून जायच्या. त्यांची पाठ वळली की संजनाला वाटायचं, आपणही त्यांच्या मागोमाग निघून जावं.

शिक्षकखोलीत कुणी वाईट नव्हतं. पण सगळ्यांच्या जागा ठरलेल्या होत्या, डबे कुणी कुणासोबत उघडायचे तेही ठरलेलं होतं. बोलणी चालायची ती घराच्या हप्त्यांची, मुलांच्या क्लासची, कुठल्यातरी लग्नाची. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत वह्या तपासत बसायची. पुढे पुढे ती डबा घेऊन विज्ञानाच्या खोलीतच जाऊ लागली. तिला कुणी विचारलंही नाही.

पेठ नाक्याजवळ तिने भाड्याने खोली घेतली होती. घरमालकीण नवसाबाई, कानाने कमी, पाणी आलं की दार वाजवायच्या, तेवढाच संबंध. संध्याकाळी भाजी घ्यायला म्हणून ती नाक्यावर जायची आणि पेठकडे जाणाऱ्या जीपगाड्या भरताना बघत उभी राहायची. दिवसभर घसा फाटेस्तोवर बोललेली असायची, आणि तरी वाटायचं, आज आपण कुणाशीच बोललो नाही.

रविवारी वडिलांचा फोन यायचा.

"पोरं आयकतात ना तुझं?"

"ऐकतात की. खूप गुणी आहेत."

पलीकडे ते आईला सांगताना ऐकू यायचं, "आयकतात म्हणं!" त्यानंतर खरं सांगायची सोय उरायची नाही.

सप्टेंबरात एकदा तिला तासाआधी ऑफिसात सही करायला बोलावलं. निघायला दहा मिनिटं उशीर झाला. आता वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं असेल, या धास्तीने ती जवळजवळ धावतच आली आणि दाराच्या अलीकडे थबकली. आत शांतता होती. बदली शिक्षक पाठवले की काय? तिने खिडकीच्या कडेने पाहिलं.

टेबलापाशी निकिता उभी होती. तिसऱ्या बाकावरची, चुणचुणीत, घूं घूंचं मूळ हीच असावी असा संजनाला संशय होता. तिने ओढणीसारखा स्कार्फ खांद्यावर घेतला होता, डस्टर छातीशी धरला होता, आणि ती हुबेहूब भोये मॅडम झाली होती. मान किंचित खाली, नजर पोरांच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर.

"भाताचं रोप उपटून पाहा. केसांसारखी मुळं दिसतील. हे तंतुमय मूळ. आणि तुरीचं? तुरीचं एकच जाड मूळ खाली जातं, ते सोटमूळ. शांत बसा. मूळ जमिनीला धरून ठेवतं, म्हणून माती वाहून जात नाही. शांत बसा ना रे. ए लाल रिबीन, शांत बस."

पोरं तोंड दाबून हसत होती. पण ऐकत होती. संजना खिडकीशी खिळून राहिली. अपमान तर झालाच होता. पण त्यातही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. निकिताने धड्यातलं एक वाक्य चुकवलं नव्हतं. त्या सगळ्या गोंगाटात या पोरीने शब्दन् शब्द ऐकला होता.

ती आत गेली नाही. घंटा होईपर्यंत जिन्यात बसून राहिली.

शाळा सुटल्यावर तिने निकिताला थांबवलं. पोरीचा चेहरा पडला.

"मॅडम, ऑफिसात नेणार का? माझे पप्पा ओझरला ड्यूटीवर असतात, त्यांना येता येणार नाही."

"ऑफिसात नाही नेत. एक सांग. मी शांत बसा किती वेळा म्हणते?"

निकिता गोंधळली. मग खाली बघत म्हणाली, "काल चौतीस वेळा. रोहित मोजतो. पन्नास झाले की तो पार्टी देणार आहे."

संजनाला हसू आलं नाही, आणि राग यायलाही उशीर झाला.

"अजून काय करते मी?"

"तुम्ही आमची नावं घेत नाही. ए लाल रिबीन म्हणता. सगळ्यांच्याच रिबिनी लाल आहेत, मॅडम. कुणाला वाटणार आपल्याला बोलल्या म्हणून?" मग घाईघाईने, "जाऊ मी? रिक्षावाले काका थांबत नाहीत."

त्या संध्याकाळी संजना नाक्यावर गेली नाही. हजेरीपट उतरवून आणला होता, तो पुढ्यात घेऊन बसली. एकेक नाव घेऊन चेहरा आठवायचा. पहिल्या दिवशी फक्त चौदा चेहरे जुळले. तीन महिने ज्यांच्यासमोर उभी होती, त्यातली सत्तेचाळीस मुलं तिने पाहिलीच नव्हती. वर्गात ती भिंतीकडे बघत होती, निकिताने दाखवलं तशीच.

दहा-बारा दिवसांत एकसष्टही नावं पाठ झाली. वर्गाकडे पाठ करायची नाही म्हणून ती तास सुरू होण्याआधी आकृत्या काढून ठेवू लागली. घूं घूं सुरू झालं की ओरडायच्या ऐवजी बोलणं थांबवून त्या दिशेला चालत जायची आणि जवळच्या एकाला नावाने प्रश्न विचारायची. रोहितला तिने सांगितलं, "मोजत राहा, पण आता किती कमी झाले ते मोज." पहिले काही दिवस काहीच फरक पडला नाही. एकदा तर पूर्वीपेक्षाही वाईट तास गेला आणि ती प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आली.

मग ऑक्टोबरात एका बुधवारी सबंध तास शांततेत गेला. अगदी स्मशानशांतता नव्हे, बाक करकरले, कुणी खोकलं. पण घंटा झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आज आपण एकदाही थांबलो नाही.

खोलीवर आल्यावर तिने वडिलांना फोन लावायला घेतला आणि हात थांबला. काय सांगणार? जूनपासून आपण दर रविवारी हेच तर सांगत आलो. ती बातमी घेऊन एकटीच बसून राहिली.

दिवाळीत घरी गेली तेव्हा मात्र राहवलं नाही. खळ्यावर भात झोडून झालं होतं, वडील सूप घेऊन बसले होते. तिने सगळं सांगितलं, घूं घूं, छडी, आहा मॅडम.

पुंजा भोयेंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण त्यात हसायसारखं काय आहा?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. आईने विचारलं, "आता बसतात ना गप?"

"बसतात. बऱ्यापैकी."

"मग झालं तं," असं म्हणून ती भात भरायला उठली. पाच महिन्यांचं ओझं दोन वाक्यांत मिटलं. संजनाला हलकं वाटलं, आणि त्याचबरोबर हेही कळलं की आपण तिकडे काय सोसलं हे या घरात कधीच कुणाला नीट दिसणार नाही.

दुसऱ्या सत्रात सातवी ब शनिवारी अजूनही बिघडायची. इतर दिवशी निभायचं. मुख्याध्यापिका दारात येईनाशा झाल्या, पण त्यांनीही काही म्हटलं नाही. गोंगाट थांबला की तो आधी होता हे कुणाला आठवत नाही. शिक्षकखोलीतल्या खुर्च्या तशाच होत्या, ती डबा अजून विज्ञानाच्या खोलीतच खायची.

जानेवारीत एकदा मधल्या सुट्टीत निकिता लोहचुंबक मागायला तिथे आली. मॅडम एकट्याच खिडकीकडे तोंड करून जेवताहेत हे तिने पाहिलं. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं असावं, कारण ती घटकाभर उगाच कपाटापाशी घुटमळली.

"खालच्या खणात बघ, निकिता," संजना म्हणाली.

लोहचुंबक घेऊन निकिता गेली, आणि जाताना दार तिने अगदी हळू ओढून घेतलं.