धाकट्या मामाने घोट गिळला तो दिवस

माझा धाकटा मामा बिअर चाखायच्या नोकरीत म्हातारा झाला आणि आयुष्यात एकदाही झिंगला नाही. घोट तोंडात घ्यायचा, भिंतीकडे तोंड करून घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि निकाल द्यायचा. मागे कुणाचा चेहरा पडला, कुणाचा खुलला, हे बघायचं नाही, असा त्याचा नियम. घरी चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायचा. आम्ही भाचरं हसून हसून बेजार व्हायचो.

एका गोष्टीवर मात्र कुणी हसत नसे. गोदामाच्या तळघरात उतरण्याआधी मामा दारावर टकटक करायचा. मी एकदा कारण विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "दादा बाटल्या धुतोय. एकदम गेलो तर दचकेल." दादा म्हणजे माझा मोठा मामा. त्याला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

दोघे भाऊ त्याच बिअरच्या गोदामात कामाला होते. बेल्जियमहून पिंपांतून आंबट बिअर यायची. मोठा मामा तिच्यात बियांसकट चेरी घालून मुरवायचा आणि बाटल्या भरायचा. चव मनासारखी झाल्याशिवाय लेबल लावायचं नाही, हा त्याचा हट्ट. एका वर्षी भरलेला सगळा माल तेलकट झाला, ओतला की पाकासारखी तार धरू लागला. धाकट्या मामाने घोट घेतला, लगेच थुंकला आणि म्हणाला, "गेली." मोठा मामा मागून सांगत होता, "अरे, आजारी पडलीय ती. वर्षभर हात लावू नकोस." धाकटा वळलासुद्धा नाही. मालकाने सगळ्या बाटल्या गटारात ओतायला लावल्या, त्याही मोठ्या मामाच्या हातून. दुसऱ्या दिवशी त्याने काम सोडलं आणि भावाशी बोलणंही. ते मरेपर्यंत.

पुढे पिंपं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने धाकट्या मामाला सांगितलं, की असल्या बिअरला हे दुखणं होतंच आणि राहू दिलं तर जातंही. मामाने ते कानाआड केलं. आमची खरंच गेली होती, असंच तो स्वतःला बजावत राहिला.

मागच्या महिन्यात एका दुपारी मोठी मामी, म्हणजे मोठ्या मामाची बायको, धाकट्या मामाकडे आली. पिशवीतून एक बाटली काढून तिने टेबलावर ठेवली. लेबल नाही, बूच काळं पडलेलं.

"कपाट हलवलं तेव्हा मागे सापडली, भावजी. त्या वेळचीच असेल, नाहीतर नंतर कुणी भेट दिलेली असेल. तुम्ही सांगा."

मामा पांढराफटक पडला. पण नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने बूच काढलं. ग्लासात ओतली तर लालसर तपकिरी, नितळ. तारेचा मागमूस नाही. त्याने घोट घेतला आणि भिंतीकडे वळला. मी बादली पुढे सरकवली, ती त्याने पायाने दूर केली. मागून कुणी काही सांगत असल्यासारखा तो कान देऊन उभा होता. मग त्याने गिळलं. मला खरंच भीती वाटली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चेरीचा नुसता वास उरलाय. आंबट आहे, पण बोचत नाही. शेवटी बियांची कडसर चव येते, बदामासारखी." त्याने ग्लास खाली ठेवला. "फार छान आहे."

"ह्यांचीच ना?" मामी म्हणाली.

तो सुटू शकला असता. बियांसकट चेरी घालणारे बेल्जियममध्येही पुष्कळ. तिकडूनच बाटलीबंद आली असं म्हणाला असता, तर कोण पडताळायला जाणार होतं? मोठ्या मामाच्या त्या ओतलेल्या बाटल्यांवरून लहानपणापासून माझा त्याच्यावर राग होता, पण त्या घटकेला मलाही वाटलं, म्हणून टाक एकदाचं.

"सांगता येत नाही, वहिनी," मामा म्हणाला. "दादाची असेल, आणखी कुणाची असेल. पण ही त्या दुखण्यातून गेलेली असणार, आणि बघा कशी झालीय. मी वर्षभर थांबायला हवं होतं. दादा चुकला नव्हता. मी चुकलो होतो."

मामीने बाटलीला बूच लावलं आणि ती पिशवीत ठेवली.

"मला कशाला सांगता, भावजी?" ती म्हणाली. "मी त्यांना चुकलात असं कधी म्हटलंच नव्हतं."