गौतमपुऱ्याचा रिसाला आणि एक पोतं चुनी

मामींचा निरोप आला त्याच दिवशी मी गौतमपुऱ्याला जायचं ठरवलं. दिवाळीच्या सफाईपर्यंत अंगणातल्या कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत तर सगळ्या शेजारी देऊन टाकणार, असा तो निरोप होता. मध्यभारत राज्य झालं, होळकरांचा रिसाला, म्हणजे घोडदळ, मोडला आणि तिथले दफेदार, म्हणजे आमचे बापूमामा, घरी बसले. घोडे गेले. आता त्यांच्यापाशी होत्या त्या या कोंबड्याच. आणि मी घरातली पहिली बी.एस्सी. एवढंही जमणार नसेल तर शिकले कशाला?

निघण्याआधी इंदूरच्या डाळ मिलमधून तुरीची चुनी घेतली. डाळ भरडताना उरलेली टरफलं आणि चुरा म्हणजे चुनी, स्वस्तात मिळते. जाणाऱ्यांनी सकाळची छोट्या लाइनची गाडी धरावी, थर्ड क्लासात आरामात जागा मिळते. सोबत सुरई आणि सेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे, ठेवावं, कारण वाटेत बोलणं फार होतं.

समोरच्या बाईंनी माझ्या पोत्याकडे बोट केलं. "बेन, ससुराल का सामान है?"

"नहीं जी, मुर्गियों का खाना."

त्यांनी आपला फराळाचा डबा हळूच दूर सरकवला.

स्टेशनपासून गाव लांब आहे. टांगा ठरवताना पोतं आधी दाखवावं. मी नंतर दाखवलं आणि टांगेवाल्याचं भाडं वाढलं.

गावात घरोघर हिंगोटाची फळं पोखरून वाळत घातली होती. दिवाळीनंतर त्यांचे अग्निबाण करून लढाई खेळतात. मामांच्या अंगणात मात्र वेगळीच कवायत चालली होती. मामा साफा बांधून उभे, समोर वाफाळतं घमेलं. त्यात गव्हाचा चोकर, म्हणजे कोंडा, गूळ आणि चांगलं मूठभर मीठ.

"बिजली, शमशेर, लाइन में!"

कोंबड्या आल्या, दोन चोची मारल्या आणि पाण्याच्या परातीकडे पळाल्या.

"मामा, हे कोंबड्यांचं खाणं आहे?"

"रिसाल्यात जन्मभर हेच दिलं, बेटा. जनावर चमकतं."

मी समजावलं. चोकर चांगलाच, पण नुसत्या चोकरानं पोट भरतं, अंडं होत नाही. त्यात भरडलेली ज्वारी हवी, चुनी हवी, चुनखडीचा चुरा हवा; आणि मीठ चिमूटभरच. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू कधी घोडा पाळलाय?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामा मिशीला पीळ देत राहिले. मामी कणीक चाळत होत्या. चाळणीत उरलेला चोकर त्या वेगळ्या डब्यात ठेवत होत्या. तो कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

"काय हो दफेदारजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या रिसाल्यात अंडी कोणता घोडा देत होता?"

मामांचा हात मिशीवरच थांबला. मग त्यांनी खुंटीवरचा तोबरा काढला, घोड्याच्या तोंडाला दाण्यासाठी बांधतात ती पिशवी.

"आण तुझी चुनी. पण माप या तोबऱ्याचं. आणि खाणं बिगुलाच्याच वेळेला."

"बिगुल वाजवणार कोण?"

"त्याची चिंता कॉलेजवाल्यांनी करू नये," मामी म्हणाल्या. "इथे पहाटे रोज यांच्या तोंडचा बिगुल ऐकतेय मी."

मी इंदूरला परतले आणि वाट पाहत राहिले. घरची सफाई झाली, फराळाची भाजणी झाली, गौतमपुऱ्याहून काही नाही. धनत्रयोदशीला मामांच्या गावचा एक माणूस दारात आला. त्याच्या खांद्याला तोच तोबरा. आत कोंबड्यांच्या खाण्यातला चोकर, आणि चोकरात जपून ठेवलेली अंडी. निरोप मामींचा होता: सफाई झाली, कोंबड्या घरीच आहेत, अंड्यांत शमशेर सगळ्यांच्या पुढे.

आईनं अंडी काढून घेतली. मी चिमूटभर चोकर जिभेवर ठेवला. किंचित खारट होता, आणि मागून गूळ.

गाडीतल्या बाई, टांगेवाला यांना मी पुढे विसरून जाईन. ते मीठ विसरणार नाही. अगदी थोडं होतं, कोंबड्यांना चालेल एवढंच. मामांनी माझं ऐकलं होतं. गूळ मात्र तसाच होता; रिसाला तेवढा सोडला नव्हता.