मंगळवारची सुई

टेंभी नाक्याजवळच्या दवाखान्यात तो मला एकदाच भेटला. खाडीकडचा धिप्पाड गडी. पाळी यायच्या आधीच कमरेची गाठ सैल करून बसलेला. शेजारी मासळीची रिकामी पाटी घेऊन त्याची बायको.

"मास्तर, तुमची सुय कसली?" त्यानं सगळ्यांदेखत विचारलं.

"लिव्हरची," मी म्हणालो. घरीही हेच सांगितलं होतं. खरं तर गालगुंडाच्या तापानं माझं पुरुषपण ओसरलं होतं, आणि त्याच्या हार्मोनचं इंजेक्शन घ्यायला मी डोंबिवलीहून मुद्दाम लांब ठाण्याला येत होतो. डॉक्टर म्हणाले होते, "दर आठवड्याला थोडं घ्या, अंगात सारखं राहील." मी मात्र तीन आठवड्यांनी मोठं घेणं पसंत केलं. फेऱ्या कमी, म्हणजे बायकोला संशय कमी. तिच्या नजरेतून उतरायची फार भीती होती.

"मना तं मर्दाची सुय," तो खुशाल म्हणाला. "हिचा बाजार मंगलवारचा, म्हनून सुय पन दर मंगलवारी."

"मी नाय आनला तं पलून जातो," बायको म्हणाली आणि दोघंही हसली.

त्या संध्याकाळी मी घरी सारं सांगून टाकलं. बायको तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"कसली का असेना," ती म्हणाली, "तिसऱ्या आठवड्यात तुम्ही आमटीवरून भांडता. म्हणून मी माहेरची माणसं सुई झाल्यावरच बोलावते."

मी लपवत होतो, आणि ती त्यावर पाहुणे ठरवत होती! मग दर आठवड्याची सुई घ्यायचं ठरवलं आणि वारही तिलाच विचारला.

"दर शनिवारी," ती म्हणाली. "मीही येईन."