मनात वाचणं

आमच्या तांड्यात वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं. दुसरं काही वाचणं असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. दारव्ह्याहून सरकारी कागद आला की नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुख्याच्या, ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमत आणि मी उभा राहून वाचत असे. लिहिता-वाचता येणारा मी एकटाच. एखादा शब्द पुसट झाला तर म्हातारे लगेच म्हणत, "गिळू नको बाप्पा, समदं वाच." सगळ्यांच्या कानांवर पडला की मगच कागद वाचून झाला.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मॅट्रिकला इंग्रजीनं मला दोनदा खाली बसवलं होतं. बाकीचे विषय पाठांतरावर निघत. पण इंग्रजीत एक कधी न पाहिलेला उतारा येई, त्याखाली पाच प्रश्न, आणि तिथं पाठांतराची डाळ शिजत नसे. ही तिसरी खेप, आणि शेवटची. नायकानं ब्लॉक ऑफिसातल्या साहेबाला सांगून ठेवलं होतं, की मी मॅट्रिक झालो तर ग्रामसेवकाच्या ट्रेनिंगला माझं नाव पाठवायचं आणि आमचा तांडा माझ्याच हाती द्यायचा. यंदा नाही झालं तर दुसऱ्याचं नाव जाणार. नायक मला म्हणाला, "आपला मानूस ऑफिसात असला तं कागदात काय हाय ते आपल्याले कळन. नाई तं आपन आंधळेच."

मग मी दारव्ह्याला एका म्हाताऱ्या कारकुनांकडे जाऊ लागलो. कचेरीतून पेन्शन घेऊन बसलेले. पिढ्यान्‌पिढ्या लेखणीवर जगलेलं घर. बाजाराच्या दिवशी दुपारी ते जुन्या पेपरातला एक उतारा माझ्यापुढं टाकत. पहिल्याच दिवशी मी खणखणीत सुरू केलं, तर म्हणाले, "मनात वाच." मी पाहिलं, जेवण झालेलं, डोळे जडावलेले. म्हटलं, बुवांना झोप आली आहे. तेव्हापासून मी उतारा घेऊन बाहेर कडुलिंबाखाली जायचो आणि तिथं हवा तेवढा गळा काढून वाचायचो. आत येऊन उत्तरं लिहिली की पाचातली चार बरोबर निघत. ते खूश, मी खूश. शहाणाच होतो मी.

घरी याडी, म्हणजे माझी आई, तूर पाखडत बसे आणि मी तिच्यासमोर इंग्रजी वाचत असे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मधेच सूप थांबवून म्हणे, "इथं तुहा आवाज पडला. पुन्हा वाच." आणि काय सांगू, जिथं आवाज पडे तिथंच मला अर्थ लागलेला नसे. दोन-तीनदा मोठ्यानं म्हटलं की वाक्य सुटे. तिच्याइतकी चांगली मास्तरीण मला पुढं कधी मिळाली नाही.

परीक्षा यवतमाळला होती. उतारा समुद्राकाठचा दिवा राखणाऱ्या एका माणसाचा. समुद्र मी पाहिला नव्हता, पण वाचायला मिळाला असता तर कळला असता. मी दोन ओळी वाचल्या आणि खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. देखरेखीवरचे मास्तर आले. "मनात वाचा." मी आवाज खाली आणला. ते पुन्हा आले. "अहो, मनात." मी पुटपुटायला लागलो, तेव्हा त्यांनी मला उठवून आपल्या टेबलासमोर बसवलं आणि सांगितलं, "आता ओठ हलले तर पेपर काढून घेईन." माणूस वाईट नव्हता. माझाच मला इतका संताप आला की कान तापले.

तोंड मिटून मी कागदाकडे पाहत राहिलो. एकेक शब्द ओळखीचा होता, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटून जाई. गळ्यावाचून आपल्याला वाचता येत नाही, हे मला बाविसाव्या वर्षी, भर परीक्षेत कळलं. शेवटी प्रत्येक प्रश्नाखाली उताऱ्यातली एकेक ओळ उतरवून दिली आणि बाहेर आलो.

निकालाच्या वर्तमानपत्रात माझा नंबर नव्हता. कारकुनांनी खोदून विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं नव्हतं तुला?"

"मले वाटलं, तुमाले झोपाचं हाय."

ते हसायला लागले, मग एकदम थांबले. त्यांनी मला चहा दिला. मला तो पिववेना.

नायक तर रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "बरं, जाऊ दे," एवढंच म्हणाला, आणि ते मला वर्षभर झोंबत राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात ग्रामसेवक आला. नेर गावाकडचा, माझ्याच वयाचा, बोलायला सभ्य. गायरानातल्या जमिनीसाठी तांड्यानं अर्ज केला होता, त्याचं उत्तर तो घेऊन आला होता. ओट्यावर माणसं जमली, बायांनी लेकरं गप्प केली. त्यानं कागद उघडला. त्याचे डोळे वरून खाली गेले, ओठ जराही हलले नाहीत. मग कागदाची घडी करून त्यानं पिशवीत ठेवली, "पाहू, होईल," म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला.

माणसं तशीच बसून राहिली. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "कवा वाचते तो?"

"वाचलं त्यानं," मी म्हणालो.

"मंग काय हाय त्याच्यात?"