बेडको व्हयो

नाहूर स्टेशनजवळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो बेडक्याचे नमुने तपासायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी बाबांची बाटली उजेडाकडे धरून त्यानं ती परत केली. "ही थुंकी रे. माका बेडको व्हयो. सकाळी चूळ भरायची, मग खोल खोकून काढायचा, सांग त्यांना." आमच्याच मालवणीत खडसावल्यामुळे मला रागही आला नाही.

बाबांनी चाळीस वर्षं सिगारेटी ओढलेल्या. धुरानं जंतू मरतात, असं त्यांना वाटायचं. मी हे सांगितल्यावर तो हसला. "मरतत खंय? धुरात ते आणखी चिवट होतात. एकमेकांना चिकटून थर करून बसतात, मग औषध आत शिरत नाही." स्वतः त्यानं सिगारेट सोडली होती. तरी चहाला खालच्या टपरीवरच यायचा, ओढणाऱ्यांच्या मधोमध उभा राहायचा, आणि कुणाचा धूर अंगावर आला की डोळे मिटून घ्यायचा.

शेवटचा रिपोर्ट आणायला मी बाबांचा दहावा उरकून गेलो. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही. मला बघताच तो चहा तसाच टपरीवर ठेवून वर धावला आणि कागद घेऊन आला.

"खंय होतंस इतके दिवस? औषध गावला रे! एक लागू पडतंय, आजच सुरू करा. आणि ह्या वेळी बेडको झकास दिल्यान, सांग म्हाताऱ्याक."

मी म्हटलं, "सांगतो."